शाळेच्या कमिटीत आपलं नाव



तळोदा आणि धडगावकडच्या बचत गटांच्या बैठकांना आम्ही जातो, तेव्हा एक प्रश्न हटकून निघतो. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बाया असल्या पाहिजेत असा नियम आहे, तो आला कुठून? सरकारनं एका रात्रीत ठरवलं का? आणि शाळेत निम्म्या बाया, तर गावातली पोरं पुढं ज्या कॉलेजात जातात तिथं का नाहीत? प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर दोन वाक्यांत होत नाही, म्हणून आजचं सगळं भाषण त्यावरच आहे. चूल पेटवून, पीठ मळत ऐकलंत तरी चालेल.

सुरुवात पुण्यापासून करू. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली हे आता लहान पोरीसुद्धा सांगतात. सावित्रीबाईंनी शेण-दगड झेलून शिकवलं, हेही सांगतात. पण पुढं शाळा वाढल्या, त्यांचा जमाखर्च ठेवायला, देणग्या गोळा करायला, परीक्षा घ्यायला एक मंडळ नेमलं गेलं, ते मंडळ मात्र पुरुषांचं होतं. पुढं १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा सुरू झाली. न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, डॉक्टर भांडारकर अशी मोठी माणसं तिच्यामागं होती. सगळे पुरुष. आम्ही या माणसांना नावं ठेवत नाही. त्यांनी त्या काळी जे केलं ते करायला छाती लागत होती. पण एक सवय तेव्हापासून चालत आलेली दिसते. शिकवायला बाई चालते, खिचडी शिजवायला बाई चालते, झेंडावंदनाच्या आधी शाळेचं अंगण झाडायलाही बाईच. पैसा कशावर खर्च करायचा हे ठरवायची वेळ आली की खुर्च्या मोजक्या असतात आणि त्यांवर टोप्या दिसतात.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. ज्या इंग्रजांचं तेव्हा आपल्यावर राज्य होतं, त्यांच्या देशातही बाईला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत नव्हतं. ते थोड्या बायांना मिळालं १९१८ साली. पण त्याच्या कितीतरी आधी, १८७० साली, तिथं गावोगाव शाळा काढायचा कायदा झाला आणि त्या चालवायला 'स्कूल बोर्ड' नावाची निवडून द्यायची मंडळं आली. या बोर्डाच्या निवडणुकीत बाईला उभं राहता येईल असं कायद्यानं ठरलं. लेकरांचं काम आहे, बाई बसली तर काय बिघडतं, असा विचार त्यामागं असावा असं आम्हाला वाटतं.

त्याच वर्षी लंडनच्या बोर्डावर दोन बाया निवडून आल्या. एक एमिली डेव्हिस, दुसरी एलिझाबेथ गॅरेट. गॅरेटबाई डॉक्टर होती, गरीब वस्तीत दवाखाना चालवायची. तिच्याकडं ज्यांच्या बायका औषधाला यायच्या त्या कामगारांनीच तिला उभं राहा म्हणून आग्रह केला. तिला ४७ हजारांवर मतं पडली, त्या वेळी अख्ख्या लंडनमधल्या कुठल्याही उमेदवारापेक्षा जास्त. देशाचा कारभार ठरवायला जिला मत नव्हतं, तिला शाळेच्या कारभारासाठी सगळ्यात जास्त मतं पडली. पुष्कळ देशांत हाच क्रम दिसतो. अमेरिकेतही काही राज्यांत बायांना आधी शाळेच्या निवडणुकीत मत मिळालं आणि बाकीचं पुढं कित्येक वर्षांनी. बाईसाठी सार्वजनिक कारभाराचं पहिलं दार शाळेचं होतं, कारण ते दार कुणाला मोठं वाटलं नाही. आत गेल्यावर मात्र तिथं पैसा होता, जमीन होती, नेमणुका होत्या.

आता आपल्या मुलखात या. आपण तेव्हा खानदेशात होतो. १९०६ साली खानदेशाचे दोन भाग झाले, पूर्व आणि पश्चिम. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर हे सगळं पश्चिम खानदेशात आलं आणि कारभार धुळ्याहून चालायला लागला. त्याआधी १८८४ च्या कायद्यानं जिल्ह्याला आणि तालुक्याला लोकल बोर्डं आली होती. रस्ते, धर्मशाळा, दवाखाने आणि शाळा ही त्यांची कामं. १९२३ च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यानं तर शाळांचा कारभार या स्थानिक बोर्डांकडं आणखी सोपवला. मत कुणाला होतं? ज्याच्या नावावर जमीनजुमला, जो सरकारला कर भरतो, त्याला. सातपुड्यातला जो भिल्ल किंवा पावरा दुसऱ्याच्या शेतात सालदार होता, त्याला ते मत नव्हतं. मग त्याच्या बायकोची गोष्ट कशाला काढायची.

शहरातल्या बाया मात्र हलायला लागल्या होत्या. १९२० साली पुण्यात नगरपालिकेपुढं सक्तीच्या शिक्षणाचा विषय आला. सगळ्या पोरांना शाळेत घालायचंच, असा तो विषय. पण पैसा पुरणार नाही, म्हणून आधी मुलग्यांना सक्ती करू, मुलींचं नंतर बघू, असं एका गटाचं म्हणणं होतं. हे ऐकून पुण्यातल्या बाया रस्त्यावर आल्या. पुढं रमाबाई रानडे होत्या, त्याच रमाबाई ज्यांनी सेवासदन उभं केलं. विठ्ठल रामजी शिंदेही मुलींच्या बाजूनं उभे राहिले. सभा झाल्या, मिरवणूक निघाली, सभांत गोंधळही झाला. आम्हाला या गोष्टीतली एक बाब मोठी वाटते. बायांना तिथं मोर्चा काढावा लागला, कारण ज्या दिवाणखान्यात निर्णय होणार होता तिथं त्यांच्यातली कुणी बसलेली नव्हती. आत बसायला जागा असती तर त्यांनी हात वर करून बोलल्या असत्या आणि ते इतिवृत्तात लिहिलं गेलं असतं.

पुढच्या तीन वर्षांत ती जागा मुंबईत मिळाली. १९२१ साली मुंबई इलाख्याच्या कौन्सिलनं बायांना मताचा हक्क दिला, अर्थात ज्यांच्याकडं मालमत्ता होती अशा मोजक्या बायांना. मग मुंबईच्या महापालिकेत उभं राहायची आडकाठीही दूर झाली आणि १९२३ साली तिथं चार बाया निवडून आल्या. त्यांतल्या सरोजिनी नायडूंचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याला मात्र त्यांतल्या दुसऱ्या बाईची ओळख जास्त जवळची वाटेल. त्या अवंतिकाबाई गोखले. लहानपणी शाळेत गेल्या नाहीत, लग्न लहान वयात झालं, अक्षरं शिकल्या त्या लग्नानंतर घरात. पण नंतर त्याच बाई गांधीजींबरोबर बिहारच्या चंपारणात गेल्या, तिथल्या खेड्यात शाळा चालवली, आणि १९१८ साली गांधीजींचं मराठीत चरित्र लिहिलं. अशी बाई महापालिकेत बसली. आपल्या गटातल्या ज्या ताई म्हणतात ना, "आम्ही कुठं शिकलेल्या, आमचं नाव नका घेऊ," त्यांच्यासाठी ही गोष्ट सांगून ठेवली.

आणि आता आमची आवडती गोष्ट. १९२६ साली मुंबईच्या शाळा समितीवर हंसा मेहता नावाची एक बाई निवडून आली. हंसाबाई मूळच्या सुरतेच्या. आपल्याला सूरत परकी नाही. नंदुरबारच्या, नवापूरच्या स्टेशनातून गाडीत बसायचं आणि उतरायचं सुरतेला. कामाला, दवाखान्याला, कपडा घ्यायला आपली माणसं तिकडंच जातात. तर त्या सुरतेला १८९७ साली हंसाबाईंचा जन्म झाला. वडील बडोद्याचे दिवाण. घरात पैसा, शिक्षण सगळं होतं, ते आपण कबूल करू. त्या इंग्लंडला शिकायला गेल्या. जातीबाहेर लग्न केलं तेव्हा जातीत गदारोळ झाला, तोही सोसला. एवढी शिकलेली बाई सार्वजनिक कामाला लागली, तेव्हा तिची पहिली निवडणुकीची जागा कोणती? मुंबईच्या शाळांची समिती. कुठल्या शाळेला खोल्या हव्यात, कुठं मास्तर कमी आहेत, असल्या रोजच्या किरकिरीची ती जागा.

तिथून बाई कुठं पोचली बघा. १९३७ साली मुंबईच्या कौन्सिलात निवडून आल्या. बायांची राखीव जागा नको म्हणाल्या, सर्वसाधारण जागेवर उभ्या राहिल्या आणि जिंकल्या. १९४६ साली कर्व्यांनी काढलेल्या महिला विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. भारतात कुलगुरूपदावर बसलेली ही पहिली बाई. त्याच वर्षी आपली राज्यघटना लिहिणाऱ्या सभेत त्या होत्या. आणि १९४७-४८ साली जगातल्या देशांनी मिळून माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा लिहायला घेतला, तेव्हा भारताकडून हंसाबाई बसल्या. मसुद्यात इंग्रजी शब्द होता 'मेन'. सगळे 'मेन' जन्मानं स्वतंत्र आणि समान आहेत, असं वाक्य. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ माणसं असाही होतो आणि पुरुष असाही. हंसाबाई म्हणाल्या, हा शब्द चालणार नाही, उद्या कुणीतरी म्हणेल यात बाया नाहीतच. शेवटी शब्द बदलला, 'सगळी मानवजात' या अर्थाचा शब्द आला, आणि आज तो जाहीरनामा जगभर त्याच शब्दांनी वाचला जातो.

हे आम्हाला एवढं का रुचतं सांगतो. आपल्या शाळेच्या दाखल्यावर, हजेरीच्या पुस्तकात, पालक सभेच्या नोटिशीत एक शब्द असतो, 'पालक'. कायद्यात पालक म्हणजे आई किंवा बाप, दोघं. पण गावात "पालकांनी यावं" असा निरोप फिरला की पोराचा बाप जातो, आणि बाप ऊसतोडीला गेलेला असेल तर कुणीच जात नाही. शब्द बदलायची गरज नाही, पण त्या शब्दात आपण आहोत हे कुणीतरी मोठ्यानं बोलायला हवं.

हंसाबाईंच्या एका मताशी आम्ही जात नाही, तेही सांगून टाकतो. राखीव जागा नकोत असं त्या घटना सभेतही बोलल्या. बायांना मेहेरबानी नको, न्याय हवा, असा त्यांचा सूर होता. दिवाणाच्या घरातल्या लेकीला ते शोभून दिसतं. तोरणमाळच्या घाटात पाण्याचा हंडा घेऊन चढणाऱ्या बाईला सर्वसाधारण जागेवर कोण उभं करणार होतं? पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा अनुभव हेच सांगतो. स्वातंत्र्य मिळालं, सगळ्यांना मत मिळालं, १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, शाळा त्यांच्याकडं आल्या, परिषदेची शिक्षण समिती आली. पण बाया? एकही बाई निवडून आली नाही तर निवडून आलेल्या सभासदांनी एक-दोन बाया नेमून घ्याव्यात, अशी सोय कायद्यात केली होती. म्हणजे पुरुषांनी आपसात ठरवून आणायची बाई. अशी बाई कुणाची तरी बायको नाहीतर वहिनी असायची, आणि ज्यानं आणलं त्याच्यापुढं तिनं काय बोलायचं.

नेमलेली बाई आणि निवडून आलेली बाई यांच्यातला फरक पुढंही लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

याच काळात आपल्याच जिल्ह्यात एक गोष्ट घडली. तेव्हा हा जिल्हा धुळ्यातच होता. नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. १९७२ च्या सुमारास शहादा-तळोदा भागात अंबरसिंग महाराजांबरोबर श्रमिक संघटना उभी राहिली. सावकारानं गिळलेली जमीन परत मिळवायची, सालदाराला नीट मजुरी मिळवून द्यायची, हे तिचं काम. बाया त्यात पहिल्यापासून होत्या. मग बायांची वेगळी शिबिरं झाली आणि तिथं बाया जे बोलल्या ते पुढाऱ्यांच्या यादीत नव्हतं. त्या दारूबद्दल बोलल्या. जमीन मिळाली, मजुरी वाढली, तरी ती भट्टीवर जाणार असेल तर आमच्या हातात काय, असा त्यांचा सवाल. आणि १९७२-७३ मधे बायांचे जथे गावागावांत शिरले, दारूची मडकी फोडली, मारणाऱ्या नवऱ्यांना चावडीवर उभं केलं. यांतल्या बहुतेकींना सही येत नव्हती. त्यांना कुणी नेमलं नव्हतं आणि निवडूनही दिलं नव्हतं. आज त्या भागातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा, डोळे चमकतात.

शाळेच्या बाबतीतही आपल्या डोंगरात असं एक उदाहरण आहे. नर्मदेच्या काठच्या गावांत धरणाचं पाणी चढायला लागलं, सरकारी शाळा कागदावर होत्या आणि गुरुजी गावात दिसत नव्हते, तेव्हा १९९१-९२ पासून चिमलखेडी, निमगव्हाण या गावांनी आंदोलनाबरोबर आपल्या जीवनशाळा उभ्या केल्या. कुडाच्या भिंती, गावातलेच शिक्षक, पोराच्या घरच्या बोलीत धडे. पोराला पहिल्याच दिवशी मराठी येत नाही म्हणून ते मठ्ठ ठरत नाही, ही समज तिथं होती. ज्या शाळेत सगळं गाव कमिटी असतं तिथं कमिटीची वेगळी निवडणूक लागत नाही. पण सगळ्या जिल्ह्यात तसं होणं कठीण, म्हणून कायद्याच्या वाटेनंही जावं लागतं.

ती वाट शेजारच्या जळगाव जिल्ह्यातून गेली. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं बायांचं मोठं अधिवेशन झालं आणि तिथून ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत सगळ्या बायांचं पॅनल उभं करायचा विचार पुढं आला. १९८९ साली जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात असं पॅनल निवडून आलं. पंचायतीत सगळ्या बाया. गावातल्या शंभरावर बायांची नावं नवऱ्याबरोबर जमिनीच्या उताऱ्यावर चढली, ही विटनेरची कमाई. आठवतं ना, १९२१ साली मत कुणाला होतं? जिच्या नावावर काहीतरी होतं तिला. विटनेरच्या बायांनी ते उलटं केलं, आधी खुर्ची घेतली आणि मग नाव उताऱ्यावर आणलं.

त्यानंतरचं आपल्याला माहीत आहे, भरभर सांगतो. १९९० साली महाराष्ट्रानं पंचायतींत ३० टक्के जागा बायांना राखल्या, १९९३ साली घटनेच्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीनं देशभर एक तृतीयांश झाल्या, २०११ साली महाराष्ट्रानं निम्म्या केल्या. आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला. त्याच्या एकविसाव्या कलमात शाळा व्यवस्थापन समिती आहे.

आता हे कलम सावकाश ऐका. समितीतले चारातले तीन जण पालक असले पाहिजेत. समितीत निम्म्या बाया असल्या पाहिजेत. ज्या समाजाची पोरं शाळेत आहेत, त्यांतल्या मागे राहिलेल्या घरांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. पालक सदस्य पालक सभेतून निवडायचे. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांतूनच होतो, मुख्याध्यापक सचिव असतो, आणि समितीची मुदत दोन वर्षं. समितीची कामं तीन मोठी: शाळा नीट चालते का ते बघणं, शाळेचा विकास आराखडा तयार करणं, आणि शाळेला आलेला पैसा कुठं गेला ते तपासणं. सदस्य व्हायला सातवी-दहावीची अट नाही. पोर शाळेत आहे, एवढं पुरे.

२०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती, महाराष्ट्रात सगळ्यात कमी. बायांची तर ५६ टक्क्यांच्या जवळ. म्हणजे ज्या जिल्ह्यात शाळेची सगळ्यात जास्त गरज, तिथल्याच आयांना आपण अडाणी म्हणून कमिटीत नको वाटतं. आमचं म्हणणं, पोर शाळेत टिकत का नाही हे त्या आईइतकं कुणालाच कळत नाही. पोरगी आठवीत गेल्यावर शाळा का सोडते, तर शाळेत संडासाला पाणी नसतं. हे ओळखायला लिहिता यावं लागत नाही.

पण कायद्यात लिहिलेलं आणि गावात घडणारं यांत अंतर पडतं. बऱ्याच ठिकाणी समिती कशी होते? शाळेच्या ऑफिसात चार जण बसून नावं काढतात. बायांची नावं लागतातच, म्हणून सदस्यांच्या बायकांची, सुनांची नावं घालतात. मग वही घेऊन कुणीतरी घरी येतं, "मावशी, इथं सही करा," आणि मावशी अंगठा देते. शाळांची नावं आम्ही घेत नाही, नाव घेऊन भांडण होतं आणि काम राहतं. हा तोच १९६२ सालचा प्रकार आहे, नेमलेली बाई. फक्त आता कायदा नेमा म्हणत नाही, निवडा म्हणतो.

यात आपल्या जिल्ह्याची एक खास अडचण आहे. दिवाळी झाली की निम्मा पाडा ऊसतोडीला गुजरातेत जातो, परत येतो तो होळीच्या आसपास. त्या मधल्या महिन्यांत पालक सभा ठेवली तर सभेला गावात राहिलेलेच येणार, म्हणजे ज्यांच्याकडं विहीर आहे, नोकरी आहे, असे. मजुरांची पोरं पटावर आणि कमिटीत दुसरेच. म्हणून सभा पावसाळ्यात, माणसं घरी असताना, बाजाराचा दिवस सोडून ठेवायला सांगा. धडगावच्या सोमवारच्या किंवा कुठल्याही बाजाराच्या दिवशी सभा ठेवली तर ती पार पडते, पण माणसांवाचून.

आणि उभं राहायचं म्हणजे काय, तेही बोलू. पालक सभेत कुणी फॉर्म भरायला सांगत नाही, चिन्ह मिळत नाही. सभेत उभं राहून आपलं नाव घ्यायचं, दुसरीनं अनुमोदन द्यायचं, आणि दोनपेक्षा जास्त नावं आली तर हात वर करून मोजणी मागायची. एकटीला हे जड जातं. बचत गटातल्या चार जणी एकत्र बसल्या असल्या आणि कोण कुणाचं नाव घेणार हे आदल्या रात्री ठरलं असलं तर जड जात नाही. पुरुष हे पिढ्यानपिढ्या चहाच्या टपरीवर ठरवत आले आहेत, आपण भाकऱ्या थापताना ठरवू. सासरा किंवा जेठ सभेत असेल तर कित्येक बायांचा आवाज निघत नाही, हे आम्हाला माहीत आहे. तिथं आधी सासूशी बोला. सासूला नातवंडाची शाळा प्यारी असते, ती बाजूला आली की निम्मं काम झालं.

आता कॉलेजचं. इथं मात्र गोष्ट वेगळी होते. अमेरिकेत 'कम्युनिटी कॉलेज' नावाची, घराजवळची, कमी फीची कॉलेजं आहेत. पहिलं सरकारी १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट गावी निघालं. बऱ्याच राज्यांत त्यांचं मंडळ त्या भागातले सगळे मतदार निवडून देतात. भाजीवाली बाईसुद्धा उभी राहू शकते. आपल्याकडं तसं नाही. आपल्या जिल्ह्यातली बहुतेक अनुदानित कॉलेजं शिक्षण संस्थांनी काढलेली आहेत. संस्थेच्या कार्यकारिणीची निवडणूक होते, पण मत असतं ते संस्थेच्या सभासदाला. सभासदांची यादी जुनी असते, त्यात बाया मोजक्या. सभासद नसलेल्या बाईचं नाव त्या निवडणुकीत येतच नाही, मग तिची पोरगी त्याच कॉलेजात का शिकेना.

मग आपल्याला कुठं शिरता येतं? दोन ठिकाणी. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं प्रत्येक संलग्न कॉलेजला महाविद्यालय विकास समिती नेमायला लावली. ती वर्षातून निदान चार वेळा बसते, कॉलेजचं अंदाजपत्रक आणि विकासाचा आराखडा तिच्यापुढं येतो. तिच्यात शिक्षण, उद्योग, संशोधन, समाजसेवा अशा क्षेत्रांतले चार स्थानिक लोक घेतात. त्यांना व्यवस्थापन नेमतं, मतदान नाही. म्हणजे ही नेमलेली जागा, आणि नेमलेल्या जागेबद्दल आपण वर काय म्हटलं ते तुम्हाला आठवत असेल. तरी जागा आहे. समाजसेवेचं क्षेत्र म्हणजे काय? दहा वर्षं ग्रामसंघ चालवणारी, शंभर बायांचं कर्ज फेडून घेणारी बाई त्यात बसते. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या की आमच्या ग्रामसंघातून एक नाव विचारात घ्या. नेमलं नाही तरी अर्ज फायलीत राहतो.

दुसरी जागा निवडणुकीची आहे. आपली कॉलेजं ज्या विद्यापीठात येतात ते जळगावचं, १९९० साली सुरू झालेलं, आता ज्याला आपल्याच खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. शेतात राबणाऱ्या, शाळेत न गेलेल्या बाईचं नाव विद्यापीठाला, हे बघून आम्हाला दर वेळी बरं वाटतं. त्या विद्यापीठाची अधिसभा असते. तिच्यात नोंदणीकृत पदवीधरांनी १० जण निवडून द्यायचे असतात, त्यांत एक जागा बाईची आणि एक अनुसूचित जमातीची राखीव आहे. मत कुणाला? जिनं पदवीधर म्हणून नोंदणी केली तिला. आपल्या किती पोरी बीए, बीकॉम झाल्या, लग्न होऊन गेल्या, आणि नोंदणीचा फॉर्म कुणी भरला नाही! शहादा-नंदुरबारच्या कॉलेजातून पदवी घेतलेली प्रत्येक सून ही एक मत आहे, ते घरात पडून आहे. तिच्या पदवीचं प्रमाणपत्र पेटीत कुठं ठेवलंय ते आधी शोधा, मग जवळच्या कॉलेजात जाऊन नोंदणी कधी सुरू होते ते विचारा. मुदत गेली की पुढची निवडणूक येईपर्यंत थांबावं लागतं, आणि अधिसभेची मुदत पाच वर्षांची असते.

आजची वेळ संपत आली. पुढच्या वेळी शाळेचा विकास आराखडा कसा लिहायचा ते घेऊ, त्यासाठी तुमच्या शाळेत वर्गखोल्या किती, नळ किती, चालू संडास किती, हे मोजून ठेवा. आणि एक काम लगेच करता येईल असं. शाळेत समितीच्या सदस्यांची नावं फलकावर लिहिलेली असतात. पोराला सोडायला जाल तेव्हा तो फलक वाचा, वाचता येत नसेल तर पोराकडून वाचून घ्या. त्यांतल्या बायांची नावं लिहून आणा आणि त्या बायांना भेटून विचारा, "ताई, तुम्ही समितीत आहात, हे तुम्हाला कुणी सांगितलंय का?"